पेपर ‘टाकायचा’ की लिहायचा?

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘रिसर्च पेपर पब्लिश करा, तीन दिवसांत स्वीकृती, सर्टिफिकेट फ्री.’ खाली क्यूआर कोड. विषय कुठलाही चालतो. संस्कृत, कॉमर्स, मत्स्यशास्त्र, सगळं एकाच अंकात! पेपर अजून लिहिलेलाही नसतो, पण ‘टाकायचा का?’ ही चर्चा सुरू होते. म्हणजे फॉर्म टाकतात तसा पेपर टाकायचा.

हा नुसता पोरांचा आळस नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला आणि एमएला संशोधन प्रकल्प आणला. पण प्रश्न कसा शोधायचा, हे शिकवणारा तास टाइमटेबलात शोधून सापडत नाही. मार्क मात्र सर्टिफिकेटला मिळतात. मग पोरं सर्टिफिकेटच आणणार ना?

खरी गोची विषयापासूनच होते. ‘सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम’ हा विषय नव्हे, हा निबंध झाला. त्यापेक्षा असं विचारा : आपल्या जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या दोन मराठी दैनिकांच्या पहिल्या पानावर महिला पत्रकारांच्या नावाने किती बातम्या येतात? हे मोजता येतं. अंक कॉलेजच्या लायब्ररीत असतात, खर्च शून्य. आता सलग सात दिवसांचे अंक घेतले आणि नेमकी त्याच आठवड्यात निवडणूक आली तर आकडे फसवे येतील. म्हणून एका आठवड्याचा सोमवार, पुढच्याचा मंगळवार, असा जोडून आठवडा तयार करतात. मोजण्याआधी नियम लिहून ठेवायचे. ‘प्रतिनिधी’ असं छापलेली बातमी कुठे धरायची? दोघांच्या नावाने आलेली? मग तीच पानं मित्राला स्वतंत्रपणे मोजायला द्या. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर समजा नियम ढिले आहेत. आणि शेवटी हेही लिहा, की यातून नाव कुणाचं छापलं जातं तेवढंच कळतं, ऑफिसात किती महिला काम करतात ते नाही. आपल्या पेपरची मर्यादा लिहायला लाजायचं कारण नाही.

आधी कुणी काय केलंय हे पाहायला ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध फुकट वाचायला मिळतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार जर्नल्स खुली झाली आहेत. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. चॅटजीपीटीला संदर्भ मागितले तर तो अस्तित्वातच नसलेले पेपरही लेखकाच्या नावासकट देतो. त्यामुळे स्वतः न उघडलेला संदर्भ यादीत नको.

कॉपीबद्दल सगळ्यांना एकच आकडा पाठ असतो : १० टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत तेवढ्या साम्याला शिक्षा नाही, हे खरं. पण म्हणून दुसऱ्याचा परिच्छेद शब्द फिरवून ९ टक्क्यांवर आणला की तो आपला होतो? सॉफ्टवेअर शब्द मोजतं. विचार उचलला तर ते त्याला कळेलच असं नाही, गाइडला मात्र कळायला हवं.

राहिला प्रश्न छापण्याचा. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली, यावरून पसारा केवढा होता ते बघा. नंतरची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता आपणच पारखायचं. संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर शोधा, जुन्या अंकातले दोन पेपर वाचून बघा. तज्ज्ञांनी वाचायचं, शंका काढायच्या, आपण दुरुस्त्या करायच्या, यात महिने जातात. तीन दिवसांत होतं ते फक्त पेमेंट.

आणि मुळात पदवीच्या विद्यार्थ्याचा पेपर छापून आलाच पाहिजे, हा हट्ट का? यूजीसीने २०२२ च्या नियमांत पीएचडीलाही ती सक्ती ठेवलेली नाही. सर, मॅडम, आमच्याकडे सर्टिफिकेटऐवजी मोजणीची वही मागा. दहा मिनिटं समोर बसवून विचारा, हा आकडा कुठून आला? ज्याने मोजलंय, तो सांगेल.