वाळवण आणि वळीव

चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड घालणाऱ्या एखाद्या बाईला विचारून पाहा, "आज आभाळ कसं वाटतंय हो?" ती डोळ्यांवर हात धरून एकदा वर बघेल आणि सांगेल, "चारच्या आत सगळं गोळा करायला हवं!" अमेरिकेत वादळं ओळखायचं शिक्षण घेतलेले हौशी लोक असतात. आभाळात काही वावगं दिसलं की ते हवामानखात्याला कळवतात. आपल्या सांगवीच्या गच्च्यांवर हेच काम वाळवणवाल्या बायका बिनपगारी करत आल्या आहेत.

वळवाची लक्षणं ठरलेली. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा. दुपारी फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढतात. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरट झाला की विजा, वारा, कधी गारासुद्धा! आणि तापलेल्या दुपारी अचानक गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, तर समजावं की ढगातून खाली कोसळलेली हवा आपल्यापर्यंत पोचली. आता हाताशी मिनिटंच उरली.

ही मिनिटं पापडांपेक्षा माणसांसाठी वापरा. १७ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच पिंपरी-चिंचवडमध्ये, किवळ्याला, वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या लोकांवर जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळला. पाच जीव गेले. म्हणून मुलांना, कामावरून येणाऱ्या मंडळींना आधीच बजावून ठेवा: वारा सुटला की फलक, झाड, पत्र्याची शेड यांखाली थांबायचं नाही, जवळच्या पक्क्या इमारतीत शिरायचं.

वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. त्या आकड्याला तीनाने भागलं की विजेचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. आकडा तिसाच्या आत आला तर वाळवण तसंच टाकून खाली या. कपड्यांच्या तारेला हात लावू नका, नळाखाली भांडी घासत बसू नका, टी.व्ही.ची पिन आधीच काढून ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीवर जायचं नाही. पाषाणच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असेल तर जवळपासच्या विजेची सूचना मिळते.

नजरेला नोंदीची जोड मात्र हवी. पुण्याच्या वेधशाळेत ॲना मणी (१९१८–२००१) या विदुषींनी हवामान मोजणारी उपकरणं आपल्याच देशात बनावीत म्हणून कितीतरी वर्षं खर्ची घातली. तुम्ही निदान एवढं करा: दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर ढग कधी चढले, वारा कुठून आला, पाऊस किती वाजता पडला ते टिपा. चार उन्हाळ्यांत तुमच्या गच्चीचं पंचांग तयार होईल. आणि लक्षणं दिसली की नुसती आपली चादर गुंडाळू नका. जिन्यातून हाक द्या, "अहो, वळीव येतोय, पोरांना आत घ्या!"