छंदाला कायद्याची वेसण

‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे रॉयल एनफिल्डचे जुने ब्रीद. इंग्लंडमधील एनफिल्डच्या शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवण्यातून हे नाव आले. तेव्हा बुलेट सजवणाऱ्यास जुन्या बंदुकांचेही वेड असल्यास नवल नाही.

2019 मध्ये या दोन्ही छंदांना कायद्याने वेसण घातली. सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार वाहनातील प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला 5 हजार रुपये दंड वा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शस्त्र कायद्यातील दुरुस्तीने परवानाधारकाच्या बंदुकांची कमाल संख्या 3 वरून 2 वर आली.

मात्र बंदूक विकणाऱ्यालाही परवाना लागतो; कर्णकर्कश सायलेन्सर दुकानांत उघडपणे मिळतात. कारवाई चालकावर आणि विक्री बिनबोभाट, हा विरोधाभास कायम असेपर्यंत रस्त्यावरील गोंगाट थांबणार कसा?