भिंतीवरची रेघ आणि सरकारची रेषा

2005 चा पूर ओसरल्यावर अब्बांनी घराच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली होती. सांगलीत नदीकाठच्या बऱ्याच घरांत अशी रेघ सापडेल. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढू लागले तेव्हा त्यांनी कागदपत्रे, गाद्या आणि अम्मीची शिलाई मशीन त्या रेघेच्या दीड-दोन फूट वर रचली. म्हणाले, “याच्या वर येत नाही.” आयर्विन पुलाजवळ 2005 ला पाणी 54 फुटांच्या आसपास थांबले होते. 2019 ला ते 57 च्या पुढे गेले. मशीन पाण्यात गेली.

अब्बा चुकले. पण सरकार वेगळे काय करते? त्याची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा हिशेब जुन्या नोंदींवरचा. उद्याचा पाऊस कालच्यासारखाच पडेल, हे त्यात गृहीत धरलेले. तो तसा पडत नाही! हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्येच मांडले. 2005, 2019, 2021. सोळा वर्षांत तीनदा आम्ही बुडालो. तरीही कुणाला लाल रेषा नदीकडे सरकवून प्लॉट पाडायचे असतील, तर त्याला काय म्हणावे?

आपली उत्तरेही सोयीची. एक, अलमट्टी. धरणाच्या उंचीवर जरूर भांडा. पण 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीवर खापर फोडले नाही, अतिक्रमणांवर बोट ठेवले. ते बोट आपल्याही दारापर्यंत येते. दुसरे, ‘अल्लाहची मर्जी’. तवक्कल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे. पुरात मशिदी-मदरशांनी जात-धर्म न विचारता आसरा दिला, जेवण दिले, याचा मला अभिमान आहे. पण पाणी यायच्या आधी महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा मागणारा आमच्या जमातीत मला कुणी भेटला नाही. मीही गेलो नव्हतो.

आता गेले पाहिजे. रेषा बदलत्या पावसाच्या हिशेबाने पुन्हा आखा, असे लेखी मागितले पाहिजे. आणि पुराचा अंदाज एकाच आकड्यात नको. ‘50 फूट’ एवढेच नव्हे, 55 होण्याची शक्यता किती, तेही सांगा. मशीन माळ्यावर चढवायची की रात्रीच घर सोडायचे, हे आमच्या गल्लीत त्या पाच फुटांवर ठरते.