लघुग्रह आदळण्याची शक्यता आधी वाढली, मग जवळपास शून्यावर आली. असं का झालं?

2025 च्या फेब्रुवारीत '2024 वायआर4' हा लघुग्रह जगभर चर्चेत होता. 22 डिसेंबर 2032 रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर 1 टक्क्यावर गेली, 18 फेब्रुवारीला 3.1 टक्के झाली आणि पुढच्या आठवडाभरात जवळपास शून्यावर आली. मग शास्त्रज्ञ चुकले होते का? नाही. हे गणित असंच चालतं.

लघुग्रह सापडला कसा?

27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतल्या 'ॲटलास' दुर्बिणीने तो टिपला. दोनच दिवसांपूर्वी तो पृथ्वीजवळून पुढे गेला होता. अशा नोंदी अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जमा होतात. हौशी निरीक्षकही तिथे नोंदी पाठवतात. त्यावरून नासा आणि युरोपीय अंतराळ संस्था स्वतंत्रपणे कक्षा काढतात.

10 मीटरहून मोठा लघुग्रह आदळण्याची शक्यता 1 टक्क्याच्या वर गेली की जगाला कळवायचं, असा नियम आहे. हा लघुग्रह साधारण 60 मीटरचा. जगबुडी आणणारा नाही, पण एखादं शहर उद्ध्वस्त करू शकेल इतका मोठा.

टक्केवारी का वाढली?

सुरुवातीला नोंदी थोड्या असतात. त्यामुळे 2032 मध्ये लघुग्रह नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही. एक लांबलचक पट्टा सांगता येतो. समजा, हा पट्टा शंभर पृथ्वी शेजारी-शेजारी मावतील इतका लांब आहे आणि पृथ्वी त्यात आहे. मग धडकेची शक्यता ढोबळमानाने 1 टक्का. नव्या नोंदींमुळे पट्टा तेहतीस पृथ्वींइतका आखडला आणि पृथ्वी अजून आतच असेल, तर शक्यता 3 टक्के होते. धोका वाढलेला नसतो, अंदाज नेमका झालेला असतो. पट्टा आणखी आखडून पृथ्वी त्याच्या बाहेर पडली की आकडा कोसळतो.

2004 मध्ये 'अपोफिस'बाबत हेच झालं. शक्यता 2.7 टक्क्यांपर्यंत चढली आणि मग 2029 ची धडक बाद ठरली.

मुंबईचं नाव का आलं?

धडक झालीच तर ती कुठे होईल, याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत होता. त्यामुळे मुंबईसह अनेक शहरांची नावं फिरू लागली. पण 3.1 टक्के ही संपूर्ण पट्ट्याची मिळून शक्यता होती. एकट्या शहराच्या वाट्याला त्यातला अगदी छोटा अंश येतो.

मग आधी सांगायचंच कशाला?

15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे 20 मीटरचा लघुग्रह फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कुणालाच दिसला नव्हता. सुमारे 1,500 लोक जखमी झाले, त्यातले बरेच फुटलेल्या काचांमुळे.

लघुग्रहाची वाट बदलता येते, हे नासाच्या 'डार्ट' मोहिमेने 2022 मध्ये दाखवलं. पण त्यासाठी हाताशी काही वर्षं लागतात. खात्री होईपर्यंत गप्प बसलं, तर तीच हातची जातात.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला की आकड्याआधी त्याची तारीख पाहावी. दहा दिवसांपूर्वीचा आकडा तोवर जुना झालेला असू शकतो.