‘संसार’ कवितेची अर्धी ओळख

फुलंब्रीहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याचा घाट उतरला की पुढे जळगाव आणि जळगावला लागून आसोदे. तिथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची ‘संसार’ ही कविता घाटाच्या अलीकडेही अनेकांना तोंडपाठ आहे. ती कुठे भेटली, असे विचारले तर कुणी शाळेचे पुस्तक सांगेल, कुणी रेडिओ. मूळ संग्रहाचे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येते.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, काम करताना सुचेल तसे त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जेवढे टिपून ठेवले तेवढे वाचले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आईच्या कवितांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली.

१९६१ साली अनंत माने यांच्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी ‘संसार’ला चाल दिली. कविता आसोद्यापासून कितीतरी लांब पोचली ती या चालीवर. पण गाण्यात सगळी कडवी मावत नाहीत. ऐकली तेवढीच कविता, असा समज त्यातून होतो आणि पाठ्यपुस्तकातल्या निवडक कडव्यांनी तो पक्का होतो.

निवड करण्यात गैर काहीच नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ केले ते जुन्या कवितांच्या वेच्यांचेच. पण हे वेचे आहेत, हे त्या पुस्तकाच्या पूर्ण नावातच सांगितलेले होते.

बहिणाबाईंच्या बाबतीत हे सांगणे अधिक गरजेचे आहे. केशवसुतांचाही संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. १९०५ मध्ये ते गेल्यावर हरि नारायण आपट्यांनी तो काढला. तरी त्यांच्या कविता ‘करमणूक’मध्ये, जळगावच्याच ‘काव्यरत्नावली’त आधी छापल्या गेल्या होत्या. शंका आली तर ते अंक उघडता येतात. बहिणाबाईंच्या हातची एक ओळही नाही. पडताळा पाहायचा तो टिपून घेतलेल्या वहीवरून उतरलेल्या पुस्तकाशीच. त्यांच्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो; एखाद्या संकलकाने तो मुद्रणदोष समजून दुरुस्त केला, तर बाईंचा उच्चारच पुसला जाईल.

फुलंब्रीच्याच जिल्ह्यातल्या पैठणला एकनाथांनी १५८४ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. छापखाना नसताना ही काळजी घेतली गेली. आज कवितेखाली बारीक टायपात दोन ओळी छापायला काय अडचण आहे? संग्रहाचे नाव, साल, आवृत्ती आणि किती कडवी गाळली, एवढेच. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीपासून हे व्हायला हवे. तोवर फुलंब्रीतल्या मराठीच्या शिक्षकांनी ‘बहिणाबाईंची गाणी’ वर्गात आणून गाळलेली कडवी मुलांकडूनच शोधून घ्यावीत आणि मोठ्याने म्हणवून घ्यावीत.