पोरीला नवोदयला धाडावे का?

परवा शेजारच्या गावच्या एक ताई पतीसह आमच्याकडे आल्या. पाचवीतली लेक जवाहर नवोदयची परीक्षा पास झालेली. ताई म्हणाल्या, "एवढंसं लेकरू लोकांच्या हवाली कसं करू?" भाऊ म्हणाले, "मुलगा असता तर धाडला असता."

ताईंची काळजी आम्हाला पटते. भाऊंचे मुळीच पटत नाही.

वाचकहो, या शाळा सरकारी आणि निवासी. पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीत, १९८५-८६ साली निघाली. जेवण, कपडे, पुस्तके फुकट. पाऊणशे टक्के जागा खेड्यांतल्या मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जातींना आरक्षण आहेच. पण परीक्षा एकदाच देता येते. 'पुढच्या वर्षी बघू' ही सोय नाही.

घराची ओढ लागते, हे खोटे नाही. पहिले काही महिने पोर रडते, आईही रडते. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून, तेही जड जाते. तरी आमचे मत, धाडावे.

मुलगी दारातच उभी होती. तिला कुणी विचारलेच नव्हते! आम्ही विचारले. म्हणाली, "जाते. पण भेटीच्या दिवशी आईनं यायचं."

भाऊ काही बोलले नाहीत. ताई मात्र उठल्या आणि कोणकोणते दाखले लागतात ते विचारू लागल्या.