लहान टर्बोला केवढा इंटरकूलर?

एप्रिलच्या पुण्यात 35 अंशांची हवा टर्बोने एक बार दाबाने चेपली, की ती सव्वाशेच्या आसपास तापते. ती निववायला हवीच. पण लिटरभर इंजिनापुढे बंपरभर इंटरकूलर बसवणं मला पटत नाही. तेवढं पोट भरेपर्यंत दाब उशिरा येतो आणि रेडिएटरचा वारा अडतो. चाकणला बनणाऱ्या टायगून-कुशाकच्या 999 सीसी इंजिनात पाण्यावर चालणारा छोटा कूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे: हवेचा मार्ग आखूड, प्रतिसाद चटकन. हवेवरचाच घ्यायचा असेल, तर जाडीपेक्षा दर्शनी क्षेत्रफळ पाहा. सिंहगड रस्त्यावरच्या रांगेत वारा नसतो. तिथे जाड गाभा नुसता तापत राहतो.